सा कुठल्या रेघेवर? पाच रेघांचा कागद आणि आपली स्वरलिपी

आजचा विषय वरवर पाहिला तर संगणकाचा आहे, पण त्याची मुळं तंजावर, कलकत्ता, बडोदे आणि मुंबईत आहेत. म्हणून या इतिहासाच्या मालिकेत तो घेतला.

स्वरलेखनाचा कुठलाही प्रोग्राम उघडा. म्यूजस्कोर घ्या, सिबेलियस घ्या, डोरिको घ्या. नवी फाईल उघडली की साधारणपणे समोर पाच आडव्या रेघा येतात, त्यांच्या डोक्याशी वेलांटीसारखं वळलेलं एक चिन्ह येतं आणि शेजारी चार मात्रांचं माप येतं. तुमचा सा काळी एक आहे की पांढरी पाच, हे कोणी विचारत नाही. ताल झपताल आहे की रूपक, तेही नाही. प्रोग्रामने आपल्या वतीने काही गोष्टी आधीच ठरवून टाकलेल्या असतात. त्या बदलता येतात, पण बदलायच्या कशासाठी आणि किती, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

याची निकड आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत, इथे जबलपूरला, इंदूरला, ग्वाल्हेरला, बडोद्याला, आजी-आजोबांच्या हातच्या बंदिशींच्या वह्या असतात. अक्षरांवर टिंबं, खाली रेघा, चंद्रकोरी. नातवंडं गिटार किंवा कीबोर्ड शिकतात आणि पाच रेघा सहज वाचतात; वहीतली टिंबं त्यांना वाचता येत नाहीत. मग कोणीतरी म्हणतं, वही संगणकावर उतरवून टाकू. उतरवताना जे निर्णय होतात, त्यांवर ती बंदिश पुढे कशी वाजेल हे ठरतं.

किल्ली म्हणजे काय

त्या वेलांटीदार चिन्हाला क्लेफ म्हणतात. हा फ्रेंच शब्द, अर्थ किल्ली. अकराव्या शतकात इटलीतल्या अरेझो गावचा ग्वीदो नावाचा साधू चर्चमधल्या मुलांना भजनं शिकवायचा. ऐकून ऐकून पाठ करण्यात वर्षं जात. त्याने स्वरांच्या उंचीसाठी आडव्या रेघा वापरण्याची पद्धत नीट बसवली आणि कुठली रेघ कुठल्या स्वराची हे कळावं म्हणून रंग योजले, एका रेघेला लाल, एकीला पिवळा. शिवाय रेघेच्या सुरुवातीला स्वराचं अक्षर लिहीत. लेखकांच्या हातांनी शतकानुशतकं ती अक्षरं घोटली आणि त्यांचीच आजची चिन्हं झाली. वेलांटीदार चिन्ह हे मुळात जी हे अक्षर. दोन टिंबांचं चिन्ह म्हणजे एफ. तिसरं चिन्ह सी या अक्षराचं. ते कुठल्याही रेघेवर बसतं आणि ज्या रेघेवर बसेल ती रेघ सी होते.

किल्ली एवढंच सांगते की ही रेघ अमुक स्वराची, बाकीचे त्यावरून मोजा. आपल्याकडे हेच काम सा करतो. फरक असा की त्यांचा सी पियानोवर ठरलेल्या एका पट्टीचा, आणि आपला सा गाणाऱ्याच्या गळ्याचा. तंबोरा जुळला की सा ठरला. दीडशे वर्षं जो वाद चालला, त्याच्या मुळाशी हा फरक आहे.

तंजावर आणि कलकत्ता

पाच रेघांच्या कागदाशी मराठी माणसाचा संबंध फार जुना आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचं शिक्षण झालं होतं. त्यांनी दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी आणि संस्कृत पोथ्यांच्या सोबतीने पाश्चात्त्य संगीताचे कागदही आहेत. व्हायोलिन दक्षिणेत रुजलं ते याच काळात. तिथे परकी लिपी आणि परकं वाद्य यांच्याबद्दल कुतूहल होतं, भांडण नव्हतं.

भांडण झालं कलकत्त्याला. क्षेत्रमोहन गोस्वामी आणि शौरींद्रमोहन ठाकूर यांनी बंगाली अक्षरांवर मात्रांच्या खुणा करून देशी स्वरलिपी बसवली होती. १८७४ मध्ये क्लार्क नावाच्या सरकारी शिक्षणाधिकाऱ्याने तिच्यावर टीका केली आणि मुलांना युरोपची पाच रेघांची लिपीच शिकवावी असं सुचवलं. शौरींद्रमोहनांनी त्याच वर्षी छापून उत्तर दिलं. आमच्या संगीताला आमची लिपी सोयीची आहे, असा त्यांचा सूर होता. पण बंगालातले सगळे त्यांच्या बाजूचे नव्हते. कृष्णधन बंद्योपाध्याय यांनी १८८५ च्या आपल्या ग्रंथात पाच रेघांचीच बाजू घेतली. मद्रासेत चिन्नस्वामी मुदलियार यांनी कर्नाटक संगीतातल्या रचना युरोपीय लिपीत छापायला घेतल्या. म्हणजे हा वाद निव्वळ देशी विरुद्ध विलायती असा नव्हता. आपलं संगीत जगाला वाचता यावं की आपल्या शिष्यांना, असा तो प्रश्न होता.

बडोद्याची परीक्षा

सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्याला गायनशाळा निघाली. तिचे प्रमुख मौलाबक्ष. उस्ताद घराण्यातला हा माणूस स्वरलिपी लिहून वर्गात शिकवत होता आणि त्यांची क्रमिक पुस्तकं छापली जात होती. ज्या काळात बंदिश चोरीला जाईल म्हणून उस्ताद दार लावून गात, त्या काळात हे धाडस होतं.

पुढे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल पुढे आले. हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींचं गणित मांडून त्यांनी १९१० मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं. मुंबई इलाख्यात नोकरीला असलेले क्लेमेंट्स नावाचे न्यायाधीश त्यांचे साथीदार झाले आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची गायकी त्यांच्या प्रयोगांचा आधार झाली. क्लेमेंट्सनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात पाच रेघा तशाच ठेवल्या, पण कोमल-तीव्राच्या नेहमीच्या चिन्हांना श्रुतींसाठी नवी चिन्हं जोडली. शिवाय श्रुती वाजवणारी एक खास हार्मोनियम बनवून घेतली. आज संगणकावर आपण ज्याला चिन्हं बदलणं म्हणतो, ते या दोघांनी कागदावर आणि लाकडात करून पाहिलं होतं.

मार्च १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे ही बाजू मांडली गेली. समोर होते मुंबईचे वकील विष्णू नारायण भातखंडे. त्यांचं म्हणणं असं की बावीस श्रुतींची नेमकी गणितं आजच्या गायकांच्या गळ्यावर लादू नयेत. शिकवायला आणि लिहायला बारा स्वर पुरेत, बारीक छटा गुरूकडून याव्यात. एकाच रागातला कोमल ऋषभ दोन गवई हुबेहूब एका जागी लावतीलच असं नाही, आणि तोच गवई येताना आणि जाताना वेगळा लावतो. अशा स्वराला पेटीची एक पट्टी कशी नेमून द्यायची?

देवलांची तळमळ खरी होती, हे विसरू नये. बारा पट्ट्यांच्या पेटीने आपले सूर बिघडतील ही त्यांची भीती होती आणि ती भीती पुढे अनेकांनी बोलून दाखवली. पण शाळांत, पुस्तकांत आणि परीक्षांत टिकली ती भातखंड्यांची वाट.

दोन विष्णू, दोन टिंबं

भातखंडे १८६० मध्ये मुंबईत वाळकेश्वरला जन्मले. देशभर हिंडून, जयपूरच्या मनरंग घराण्याकडून, रामपूरच्या उस्तादांकडून त्यांनी बंदिशी मिळवल्या. हिंदुस्तानी संगीत पद्धतीचे चार भाग त्यांनी मराठीत लिहिले, तेही गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांत. क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत सुमारे १८०० रचना स्वरलिपीसह आल्या.

त्यांच्या लिपीत पाच रेघा नाहीत. सा, रे, ग, म ही अक्षरंच स्वर. तार सप्तकाला वर टिंब, मंद्राला खाली टिंब. कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी रेघ. एका मात्रेत अनेक स्वर आले तर खाली चंद्रकोर. समेला गुणिलेचं चिन्ह, खालीला शून्य. देवनागरीचे खिळे असलेल्या छापखान्याला थोड्या जादा खुणांत हे जुळवता येई. आणि मुख्य म्हणजे यात पट्टी कुठेच लिहिलेली नाही. काळी एकमध्ये गाणारा गवई आणि काळी पाचमध्ये गाणारी गायिका एकच पान वाचतात.

दुसरे विष्णू म्हणजे कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईत. त्यांचीही स्वरलिपी होती आणि मात्रेचे भाग दाखवण्यात ती जास्त काटेकोर होती. अर्धी मात्रा, पाव मात्रा यांना स्वतंत्र खुणा. तिथे कोमलाला हलंतासारखी खूण, समेला एकचा आकडा, खालीला अधिकचं चिन्ह.

आणि इथे एक धोका आहे, तो नीट लक्षात घ्या. पलुस्करांच्या पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्र सप्तकाचं असतं. भातखंड्यांच्या पद्धतीत तेच टिंब तार सप्तकाचं. जुनी वही हाती आली आणि पद्धत न ओळखता उतरवली, तर एकेक स्वर दोन सप्तकं वर किंवा खाली जाऊन पडतो. म्हणून वही उघडल्यावर पहिलं काम समेची खूण शोधण्याचं. गुणिले दिसलं तर वही भातखंड्यांच्या वळणाची, एकचा आकडा दिसला तर पलुस्करांच्या. मग कोमलाची खूण पाहून खात्री करा आणि त्यानंतरच टिंबांना हात लावा.

नर्मदेकाठपर्यंतची वाट

ही लिपी आमच्या भागात कशी आली? जबलपूर १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आलं, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेलं. पुढे १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. त्यामुळे इथे मराठी घरं जुनी. पण स्वरलिपीचा प्रवाह ग्वाल्हेरकडून जास्त आला. माधवराव शिंदे महाराजांनी आपल्या दरबारचे गवई भातखंड्यांकडे मुंबईला पाठवले; त्यांत राजाभैया पूछवाले होते. गाणं त्यांना येत होतंच, शिकायचं होतं ते लिहिणं आणि लिहिलेल्यावरून शिकवणं. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं, १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. १९५६ मध्ये खैरागढला संगीताचं विद्यापीठ निघालं. तिथे भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर कुलगुरू झाले. मध्य प्रदेशातल्या संगीत महाविद्यालयांच्या परीक्षा दीर्घकाळ खैरागढशी जोडलेल्या होत्या.

त्यात एक गमतीची गोष्ट घडली. मूळ ग्रंथ मराठीत, पण उत्तरेत ते पोचले हाथरसच्या संगीत कार्यालयाने काढलेल्या हिंदी आवृत्त्यांतून. त्यामुळे इथल्या कित्येक मराठी घरांतसुद्धा भातखंडे हिंदीतूनच वाचले गेले. लिपी देवनागरी असल्यामुळे स्वरांचं भाषांतर करावंच लागलं नाही.

आता संगणकावर

फिनाले हा प्रोग्राम १९८८ मध्ये आला, सिबेलियस १९९३ मध्ये. म्यूजस्कोर २००२ पासून घडत गेला आणि तो फुकट आहे. या सगळ्यांत पाच रेघा हे गृहीत आहे, सक्ती नाही. म्यूजस्कोरमध्ये रेघांवर उजवं बटण दाबून त्यांची मांडणी उघडली की रेघांची संख्या बदलता येते, किल्ली, ताल-माप आणि उभ्या रेघा लपवता येतात. तबल्यासाठी एकच रेघ ठेवा, तालवाद्याची किल्ली लावा आणि धा धिं धिं धा हे बोल गीताच्या शब्दांच्या जागी देवनागरीत लिहा.

गळ्यासाठी मात्र विचार करावा लागतो. समजा सा म्हणजे मधला सी धरला. नेहमीच्या वेलांटीदार किल्लीत मध्य सा पाच रेघांच्या बाहेर, खाली एका तुटक रेघेवर जातो. मंद्र पंचम त्याच्याही खाली. ज्या स्वरावर सगळं गाणं उभं आहे तोच अंगणाबाहेर! आता सी अक्षराची किल्ली खालून दुसऱ्या रेघेवर ठेवून पाहा. जुन्या युरोपात ही चालत असे, प्रोग्रामच्या संग्रहात ती आजही आहे, मेझो-सोप्रानो नावाने. तिच्यात खालून वर रेघा येतात त्या मंद्र ध, सा, ग, प, नी. मंद्र पंचम पहिल्या रेघेच्या लगेच खाली, तार षड्ज शेवटच्या रेघेच्या लगेच वर. मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंतचा सगळा विस्तार, म्हणजे कित्येक स्थायींचा सारा कारभार, एकही जादा रेघ न ओढता मावतो. आणि किल्लीचा मध्य नेमका सा दाखवतो.

अडचण अशी की गिटार शिकलेल्या नातवाला ही किल्ली वाचता येत नाही. पण संगणकावर किल्ली बदलली तर स्वर तेच राहतात, फक्त कागदावरची जागा सरकते. तेव्हा एकाच फाईलमधून एक प्रत त्याच्यासाठी वेलांटीदार किल्लीत काढा, एक सा-किल्लीत.

दुसरा प्रश्न कोमल-तीव्राचा. पाश्चात्त्य पद्धतीत ओळीच्या सुरुवातीला ही चिन्हं एकदाच लिहितात आणि त्यांचे ठरावीक गट असतात. भातखंड्यांचे दहा थाट या गटांशी ताडून पाहा. बिलावल, कल्याण, खमाज, काफी, आसावरी, भैरवी हे सहा बरोबर बसतात. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी हे चार बसत नाहीत. भैरवात फक्त रे आणि ध कोमल, असा गट त्यांच्याकडे नाही. मारव्यात कोमल रे आणि तीव्र म शेजारी, म्हणजे दोन विरुद्ध जातींची चिन्हं एकत्र. पण प्रोग्राममध्ये स्वतःचा गट तयार करता येतो. तो करावा. नाहीतर पानभर कोमलाची चिन्हं विखुरतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, ही चाल सारखी अपवाद करते आहे. वास्तविक तो रागाचा नियमच असतो.

तालाचंही तसंच. झपताल नुसता दहा मात्रांचा लिहिला तर त्याचा बांधा हरवतो. मापाच्या जागी दोन अधिक तीन अधिक दोन अधिक तीन असं लिहिता येतं. एक आवर्तन म्हणजे एक खण, विभागांना तुटक उभ्या रेघा. विलंबित ख्याल असेल तर माप लपवून नुसती सम दाखवलेली बरी.

आणि श्रुती? आज प्रत्येक स्वर शतांशात वरखाली करता येतो. दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर शंभर धरून. देवल-क्लेमेंट्सनी ज्यासाठी हार्मोनियम घडवली, ते आता आकडा टाकून होतं. पण बडोद्याचा जुना प्रश्न तिथेच आहे. भैरवातला आंदोलित ऋषभ एका आकड्यावर थांबत नाही. आकडा टाकलात तर ऐकायला अचूक आणि गाण्याला खोटा, असं होऊ शकतं. तिथे शब्दांत ‘आंदोलित’ लिहावं आणि गाण्याचं ध्वनिमुद्रण सोबत ठेवावं.

शेवटी जपणुकीचं. फिनाले इतका नावाजलेला, तोही २०२४ च्या ऑगस्टमध्ये बनवणाऱ्या कंपनीने बंद केल्याचं जाहीर केलं. वर्षानुवर्षांच्या फाईली असलेल्या लोकांची धावपळ झाली. म्हणून एका प्रोग्रामच्या भरवशावर राहू नका. म्युझिकएक्सएमएल या सामायिक स्वरूपात एक प्रत ठेवा, छापील कागद ठेवा, मूळ वहीच्या पानांचे फोटो ठेवा. आणि रेघांच्या खाली गीताच्या शब्दांसोबत दुसऱ्या ओळीत सा रे ग म देवनागरीत लिहाच. संगणकाला ती ओळ नुसता मजकूर वाटेल. पण पन्नास वर्षांनी कोणी ते पान उघडलं, आणि तेव्हा त्याला पाच रेघा येत असोत वा नसोत, त्या ओळीवरून तो आपल्या पट्टीत गाऊ शकेल.

क्लार्कपासून क्लेमेंट्सपर्यंत अनेकांनी आपलं गाणं त्या कागदावर बसवायचा प्रयत्न केला आणि आपल्या लोकांनी वेगळा कागद निवडला, तेव्हा दोन्हीपैकी एकच निवडणं भाग होतं. शाळेला एकच पुस्तक छापता येत होतं. आज तसं बंधन नाही. दोन्ही लिप्या एका पानावर राहू शकतात. फक्त सुरुवातीच्या त्या कोऱ्या फाईलने जे ठरवून ठेवलेलं असतं, त्यातलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं, हे वही ज्याच्या घरची आहे त्याने ठरवावं.

पुढच्या भागात पेटीची गोष्ट घेऊ. आकाशवाणीने जिला कित्येक वर्षं दाराबाहेर ठेवलं ती हार्मोनियम. तोवर घरात अशी वही असेल तर काढून ठेवा आणि समेची खूण कुठली आहे ते पाहून ठेवा. नमस्कार.